सांगून बिघडणारी गाडी

इंटरव्ह्यूला शोरूमच्या मॅनेजरनी विचारलं, "गाड्यांतलं काय येतं तुला?"

मी बोललो, "आवाज."

त्यांना वाटलं मी ऑडिओ सिस्टिम बसवतो. मग मी उभा राहून थंडीतली डिझेल जीप चालू करून दाखवली, नागोठण्याच्या चढावर दम लागलेला विटांचा टेम्पो काढला, आणि शेवटी त्यांच्याच कंपनीची पेट्रोल गाडी काढली. ती सगळ्यात अवघड. कारण ती वाजतच नाय. एक बारीक खोकला, आणि मग शेजारच्या खोलीत कोणीतरी शहाण्यासारखं बसलंय असं वाटतं. मॅनेजर एवढे हसले की चहा शर्टावर सांडला. दुसऱ्या दिवसापासून मी पेणला, रामवाडीच्या शोरूमात कामाला.

कंपनी जपानी. नाव लिहीत नाय, गरजही नाय. पेणच्या नाक्यावर डोळे मिटून बोट करा, बोटासमोर बहुतेक तीच असेल. माझं काम म्हणजे गिऱ्हाईक आलं की पाणी द्यायचं, गाडीत बसवायचं आणि कंपनीची गोष्ट सांगायची. ती गोष्ट आम्हाला ट्रेनिंगमध्ये छापील दिली होती. कंपनी आधी गाड्या बनवायचीच नाय, कापड विणायचे माग बनवायची. आईचे हात दुखतात म्हणून पोरानं माग सुधारला. त्यातला एक माग असा, की एक धागा तुटला तरी आपोआप थांबायचा. फाटकं कापड पुढे जायचंच नाय. मग लढाई झाली, देश बेचिराख झाला, खायला नाय काय नाय, आणि त्यातून ही लोकं लहान लहान गाड्या करायला लागली. गाड्यांच्या कारखान्यातही तोच नियम ठेवला. प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर दोरी. काय चुकलंय असं वाटलं की ओढायची. आख्खी लाइन बंद. आणि ओढणाऱ्याला कोणी ओरडायचं नाय.

छापील एवढंच होतं. मी त्यात पदरचं घालायचो. जपानी म्हातारी मागावर बसून पोराला हाक मारते, पोरगा वाकून वाकून उत्तर देतो, दोरी ओढली की घंटा वाजते, साहेब धावत येतो. म्हातारीला मी आमच्या आजीचा आवाज लावला होता. गडब गावचे भातवाले शेतकरी हसून हसून बुकिंगच्या कागदावर सही करायचे. मिठागरात काम केलेला एक म्हातारा मात्र गोष्ट संपल्यावर एवढंच बोलला, "दोरी वडली का कोन वरडत नाय? मंग रोज कोनतरी वडंल."

"नाय ओढत आजोबा."

"मंग भ्येतात."

तेव्हा मला त्याचं हसू आलं. घरी जाऊन त्याची नक्कल पण केली.

या कंपनीची आणखी एक सवय होती, जी पेणमध्ये कोणाला पटायची नाय. कधीतरी वरून यादी यायची की अमुक वर्षाच्या गाड्यांत एक पार्ट बदलून द्या, फुकट, चूक आमची आहे. फोन करायचं काम माझ्याकडे. मी मोठ्या उत्साहानं फोन करायचो आणि पलीकडून शिव्या यायच्या.

"म्हंजे खराब गाडी दिलीत व्हय आमाला?"

"नाय काका, खराब नाय. कंपनी स्वतःहून सांगतेय."

"माझ्या भावाकडं दुसऱ्या कंपनीची हाय. त्याला नाय कधी असा फोन आला. त्याची चांगली म्हनायची ती."

आमच्याकडे चूक कबूल करणारा तोच नालायक. गप बसणाऱ्याची अब्रू शाबूत.

माझा मामा मात्र कंपनीचा भक्त. मामा रोह्याचा, स्टेशनच्या बाहेर त्याची सात सीटर व्हॅन लागायची, याच कंपनीची. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटपेक्षा जुनी. त्या व्हॅननं रोह्यातल्या निम्म्या नवऱ्या सासरी पोचवल्या आणि त्यातल्या बऱ्याच जणींना पुढे दवाखान्यात पण. मामाचं एक वाक्य ठरलेलं होतं. गाडी चालू केली की डॅशबोर्डवर पंजा ठेवायचा आणि शेजारी बसलेल्याला सांगायचा, "ही गाडी सांगून बिघडते. दगा देत नाय. आदी बोलते, मंग बिघडते. आपन आयकायचं."

ऐकणारा माणूस पेणला होता. आमच्या शोरूमच्या मागच्या गल्लीत मिस्तरीचं गॅरेज. मिस्तरींनी याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढली होती. कंपनीनं त्यांना एकदा कारखाना दाखवायला नेलं होतं, ती दोरी त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. माझी दोरीची गोष्ट ऐकून ते एकदा बोलले, "घंटा नाय वाजत. गाणं लागतं बारीक. तू घंटा का वाजवतोस?"

"गाण्याला लोक हसत नाय मिस्तरी."

गॅरेज सगळं कानावर चालायचं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला, डोळे अर्धे मिटलेले. मग एक शब्द बोलायचे. बेल्ट. टॅपेट. क्लच. लोक पार अलिबागहून यायचे त्या एका शब्दासाठी.

मामाची पंचाईत अशी, की लग्नाच्या सिझनला पेणला गाडी घेऊन येऊन अर्धा दिवस गॅरेजात उभी करायची त्याला फुरसत नसायची. फोन करून, नायतर रेकॉर्डिंग पाठवून, आवाज ऐकवायचा म्हटलं तर फोन हल्ली फार हुशार झालेत, माणसाचा आवाज ठेवतात आणि मागचा कापून टाकतात. मिस्तरींना गाडीऐवजी मामाच्या शिव्याच ऐकू यायच्या. त्यावर उपाय निघाला तो मी. आम्ही राहतो कासूला. रविवारी मी रोह्याला मामाकडे जायचो, संध्याकाळी मामा मला व्हॅननं कासूला सोडायचा. तेवढ्या रस्त्यात मी पुढच्या सीटवर डोळे मिटून बसायचो आणि आवाज पाठ करायचो. सोमवारी चहाच्या वेळेला गॅरेजात जाऊन काढून दाखवायचो. पहिल्यांदा केलं तेव्हा मी नुसती बारीक चीं चीं काढली, थंड असताना येणारी. मिस्तरी बोलले, "एसी बंद केला की जाते?" मी बोललो, व्हय. "बेल्ट." मामानं रोह्यातच बेल्ट बदलला. चीं चीं गेली.

त्याच्यानंतर माझा भाव वधारला. मामाचं बघून नागोठण्याचे दोन-तीन ड्रायव्हर मला गाडीत बसवून फिरवायला लागले. गॅरेजात सोमवारची चहाची वेळ म्हणजे माझा कार्यक्रमच झाला. टेम्पोवाले, शोरूममधली पोरं, समोरचा टायरवाला, सगळे जमायचे. मिस्तरी स्टुलावर आणि मी मध्ये. आता लिहिताना कळतं की डॉक्टरकडे पेशंटच्या लघवीची बाटली पोचवायला पाठवलेल्या माणसानं वाटेत तिच्यात सरबत घालू नये, एवढी साधी अक्कल लागत होती. ती कोणाला सुचली नाय. मिस्तरींनाही नाय.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला रविवार. मामा मला सोडायला निघाला आणि रोह्याच्या बाहेर पडल्या पडल्या मी डोळे मिटले. खालून एक घूं येत होती, ड्रायव्हरच्या बाजूनं. वेग वाढला की चढायची, कमी झाला की उतरायची. हे सोपं होतं. पण तिच्याबरोबर आणखी एक होतं. वळताना, आणि खड्ड्यात चाक गेलं की, एक टक. मोठा नाय. कोणी बोटाचं हाड मोडल्यासारखा.

"दोन आवाज हायत मामा."

"व्हय. तो टक मलाबी आयकू येतो. दोन्ही काढून दाखव मिस्तरीला."

दोन्ही मी पाठ केले. हे मला स्पष्ट आठवतं. कासूला उतरलो तेव्हा दोन्ही आवाज माझ्या तोंडात होते.

सोमवारी गॅरेजात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती, कारण एका नवरदेवाची गाडी सजवायच्या आधी धुवायला आली होती, तिच्याबरोबरची पाच-सहा पोरं. मी सुरुवात केली. घूं, हळूच, मग वेग, मग घूं वर. सगळे शांत ऐकत होते. एवढे शांत, की बाहेरच्या टायरवाल्याचा हवेचा पंप ऐकू येत होता. मला शांतता सहन होत नाय, शाळेपासून. नवीन पोरांच्या तोंडाकडे बघितलं तर त्यातलं एक जांभई देत होतं. मग मी घूं चालू ठेवून मध्येच मामा काढला. हायवेचं काम करणाऱ्या कंत्राटदाराला प्रत्येक खड्ड्यागणिक एक शिवी, आणि प्रत्येक शिवीनंतर मागच्या सीटवरच्या नवरीला "तू नको आयकू गो बाय."

गॅरेज कोसळलं. जांभईवाला पोरगा टेम्पोच्या फाळक्यावर बसला. मिस्तरी सहसा हसायचे नाय, त्यांनी पण चष्मा काढून डोळे पुसले. टाळ्या पडल्या.

टक राहिला होता. तो तोंडात होता. पण टाळी पडल्यावर परत मागे जाऊन "थांबा, अजून एक बारीक टक आहे" असं म्हणणारा नकलाकार मी अजून बघितला नाय. मला वाटलं, घूं महत्त्वाची. टकाचं काय एवढं.

मिस्तरी चष्मा लावत बोलले, "बेअरिंग. ड्रायव्हर साइडचं. अजून चालेल. लग्नं आटपली की आण म्हणावं."

मी तिथूनच मामाला फोन लावला. "बेअरिंग हाय. सिझन झाला की या."

"टक पन त्याचाच काय?"

"व्हय."

"सगलं काढून दाखवलंस ना रे?"

"सगळं."

एक शब्द. बोलून मी समोसा खाल्ला.

बारा दिवसांनी दुपारी मी शोरूमात डिलिव्हरी देत होतो. डिलिव्हरीला थर्माकोलची एक मोठी चावी असते, घरातल्या सगळ्यांनी ती धरायची आणि फोटो. मी नेमका कोपऱ्यात उभा राहून त्यांना हसवत होतो तेव्हा फोन वाजला. गडबच्या एका दुकानदाराचा, मामाच्या फोनवरून. "ही व्हॅन तुमची काय? लवकर या."

मामा वऱ्हाड पेणला सोडून रिकामा परत चालला होता. गडबच्या पुढे हायवेचं काम चालू, डायव्हर्जन, तिथे उजवीकडे वळताना पुढचं चाक आत दुमडलं. गाडी सिमेंटच्या ठोकळ्यावर गेली, ड्रायव्हरच्या बाजूनं. मी पोचलो तोवर मामाला काढून ॲम्ब्युलन्समध्ये ठेवला होता. रस्त्यावर नवरीच्या मुंडावळ्यांचे मणी पडले होते, सीटखाली राहिले असतील. जमलेले सगळे एकमेकांना सांगत होते, "बरं झालं, गाडीत कोन नव्हतं." मामा त्या 'कोन'मध्ये धरला नव्हता.

उजवा पाय गुडघ्याखालून काढला.

शुद्धीवर आल्यावर मामा पहिलं बोलला ते, "गाडीचा दोष नाय हां." मामी रडता रडता त्याच्यावर खेकसली, "आग लावा त्या गाडीला."

ज्यानं व्हॅन उचलून नेली त्या नागोठण्याच्या क्रेनवाल्यानं खालून बघितलं आणि आमच्या माणसांना दाखवलं. चाकाला खालून धरून ठेवणारा बॉल जॉइंट असतो, मुठीएवढा. तो निसटला होता. "हा एका दिवसात नाय जात. वाजत असनार वळताना. कोनाला दाखवली नव्हती काय?"

"पेनच्या मिस्तरीला दाखवली होती," आमच्यातलं कोणीतरी बोललं. "तो बोलला बेअरिंग."

दाखवली होती! मी तिथे उभा होतो. सगळ्यांना माहीत होतं की दाखवली म्हणजे मी काढून दाखवली. पण माझ्याकडे कोणी बघितलंच नाय, कारण नक्कल करणाऱ्यानं आवाज चोरला असेल हे कोणाच्या डोक्यातच येत नाय. बाटली नेणाऱ्यावर संशय घेत नाय कोणी, डॉक्टरवर घेतात.

घरी आई भात वाढताना बोलली, "त्या म्हाताऱ्याचे कान गेले असनार. सोडायचा मंग धंदा. दुसऱ्याचा पाय कशाला घालवायचा?" मी भात खाल्ला. आमटी मागून घेतली.

मिस्तरी दवाखान्यात आले होते. हातात मोसंब्यांची पिशवी. मी दारातच होतो. मामानं त्यांना बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मामी बाहेर येऊन हळू बोलली, "आत्ता नको, मिस्तरी." त्यांनी पिशवी बाकावर ठेवली, नीट, एक मोसंबं बाहेर घरंगळलं ते उचलून परत आत घातलं, आणि गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. धीर द्यायला.

पेण मोठं असलं तरी असल्या गोष्टींना लहानच. महिन्याभरात मागच्या गल्लीत गाड्या यायच्या कमी झाल्या. ज्या यायच्या त्यांच्याशी मिस्तरी वेगळेच वागायला लागले. एक शब्द बोलणारा माणूस, तो आता तीन-तीनदा स्क्रू ड्रायव्हर लावायचा, चक्कर मारून यायचा, परत लावायचा आणि बोलायचा, "मला वाटतं टॅपेट. पण तुम्ही दुसरीकडे पण दाखवा." दुसरीकडे दाखवा असं ज्या मिस्तरीनं सांगितलं, त्याच्याकडे परत कोण येतो?

आणि मग मी ते केलं जे मला सांगायचं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाय. सोमवारचा कार्यक्रम बंद झाला होता, पण नाक्यावरच्या चहावाल्याकडे पोरं असायचीच. त्यांनी हट्ट धरला, मिस्तरी करून दाखव. मी केला. स्टुलावर बसलो, डोळे अर्धे मिटले, समोर एकाला गाडी बनवला, आणि कानाला हात लावून ओरडलो, "काय? काय बोलते? मोठ्यानं बोल जरा!" पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. माझा हात कानावर तसाच राहिला. कारण मिस्तरींनी आयुष्यात कधी असा कानाला हात लावला नव्हता. त्यांना सगळं ऐकू येत होतं. तो हात मी पदरचा घातला होता. परत.

"अजून कर," एक पोरगा बोलला. मी चहा अर्धा टाकून निघालो. पण त्या दिवशीही गॅरेजात गेलो नाय. गल्लीच्या तोंडाशी गेलो, टायरवाल्याशी उगाच गप्पा मारल्या, परत फिरलो. असे अजून बरेच दिवस गेले. माझी हिंमत एकदम आली असं लिहायला बरं वाटलं असतं.

ऑगस्टमध्ये टायरवाला बोलला की मिस्तरी पनवेलला जाऊन कान तपासून आले. मशीनमध्ये बसवून, बटण दाबून, सगळं. रिपोर्ट चांगला आला. वयाच्या मानानं कान उत्तम.

"मग बरं झालं की," मी बोललो.

"काय बरं? कान चांगले म्हटल्यावर म्हातारा खचलाच. म्हणतो, कान गेले असते तर मशीन लावलं असतं. ऐकू येऊन समजत नसेल तर त्याला काय लावायचं? गणपतीनंतर गॅरेज बंद करतोय. हत्यारं द्यायला काढलीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूम उघडायच्या आधी मी गेलो. शटर अर्धं वर. मिस्तरी पाने मापाप्रमाणे फडक्यावर मांडत होते.

"ये. चहा सांगू?"

"नको. मिस्तरी, मामाच्या गाडीचा आवाज मी पुरा काढला नव्हता."

त्यांनी मान वर केली नाय. "कधीचा?"

"त्या सोमवारचा. दोन आवाज होते. मी एकच काढला."

"काढ."

"आता नको मिस्तरी—"

"काढ म्हणतो ना."

मी काढला. घूं. वेग. मग गडबच्या डायव्हर्जनसारखं वळण, आणि टक. खड्डा, टक. हातवारे नाय, तोंड वेडंवाकडं नाय, मामा नाय, नवरी नाय. आयुष्यात पहिल्यांदा मी जसं होतं तसं काढलं, आणि समोर हसणारं कोणी नव्हतं.

"वळताना?"

"व्हय."

"खड्ड्यात पण?"

"व्हय."

"बॉल जॉइंट," मिस्तरी बोलले. एका शब्दात, लगेच, जुन्यासारखं. आणि मग त्यांच्या हातातला पाना खाली ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

"तेव्हा का नाय काढलास?"

मी रस्त्यात तीन कारणं तयार केली होती. तिन्ही चांगली होती. पण तोंडातून खरं तेच आलं. "लोक हसत होते."

"हसत होते," ते बोलले. बाहेर पहिली एसटी गेली. "गाडी आली की मी रोज विचारतो, वळताना काय होतं? प्रत्येकाला विचारतो. हाताखालच्या पोरांना शिकवलंय, विचारल्याशिवाय नाव घ्यायचं नाय. त्या दिवशी नाय विचारलं. मी पण हसत होतो."

त्यांनी मला माफ केलं असं काय नव्हतं त्यात. त्यांनी फक्त स्वतःच्या वाट्याचं उचललं आणि माझं तिथेच ठेवलं.

"मामाला सांगितलंस?"

"नाय."

"मी नाय सांगणार. तू सांग. आज." त्यांनी शटर खाली ओढलं. "मी येतो बरोबर. पण दाराबाहेर थांबेन."

आम्ही रोह्याला ट्रेननं गेलो. कासू आलं, गेलं. मिस्तरी खिडकीबाहेर बघत होते. एकदाच बोलले, "या डब्याचं पण बेअरिंग गेलंय." मी घरी जायला उतरलो असतो तर त्यांनी अडवलं नसतं.

मामा पुढच्या खोलीत कॉटवर, पायावर चादर. पाय जिथे संपतो तिथे चादर सपाट होते, तिकडे नजर जाते आणि मागे घ्यावी लागते. मामी पोहे करत होती, मला बघून खूश झाली. "आलास रे? बस. जरा हसव ह्याला. चार दिस बोलला नाय."

मी बसलो नाय. उभ्या उभ्या सांगितलं. मामा माझ्याकडे बघत ऐकत राहिला, जसं भाड्याचं गिऱ्हाईक पत्ता सांगतं आणि ड्रायव्हर मनात रस्ता लावतो.

"मी तुला फोनवर इचारलं होतं," तो बोलला.

"व्हय."

"टक मला रोज आयकू येत होता. बारा दिवस. गडबच्या वळनावर बी आला, आदी. मी पाय ब्रेकवर ठेवला होता, थांबवनार होतो. मंग बोललो, नको, मिस्तरीनं आयकलाय हा, तो बोलला चालंल." तो थांबला. "मिस्तरीनं आयकलाय म्हनून मी थांबलो नाय."

मामी कलथा हातात घेऊन दारात उभी होती. पोहे लागल्याचा वास आला तरी हलली नाय.

"मिस्तरी कुटं हायत?"

"बाहेर. रस्त्यावर."

"उन्नात?" मामा एकदम कॉटवर हातांनी वर सरकला. "अगो, त्यांना आत घे. कवापासून हुबे केलेत? आत घे आदी."

मामी धावली. मिस्तरी आत आले, चपला दाराबाहेर काढून, टोपी हातात. मामानं दोन्ही हात जोडले. मिस्तरींनी ते धरले आणि खाली केले. मग मामानं कॉटवर स्वतःच्या शेजारी जागा केली, जिथे त्याचा पाय असायला हवा होता तिथे, आणि बोलला, "बसा मिस्तरी." मिस्तरी बसले.

मी अजून उभाच होतो. मामानं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

"तू जा," तो बोलला. "तुझी गाडी चुकंल."

पुढच्या गाडीला अजून दोन तास होते. मामाला रोहा स्टेशनचं टाइमटेबल माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे, आख्खं आयुष्य त्यानं त्याच्यावर भाडी मारलीत.

मी चप्पल घातली. मामी मागून दोन पावलं आली, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण आतून मामानं तिला हाक मारली, मिस्तरींना पाणी दे म्हणून, आणि ती आत गेली.